पेठेची सुधारणा आणि पेढीचा व्यवहार

एके दिवशी सकाळी दुकान उघडावयास जावे तो भिंतीवर रंगाची रेघ ओढलेली व तिच्याजवळ काही फुटांचा आकडा लिहिलेला आढळावा, हा अनुभव आपल्या पुष्कळ गावांच्या जुन्या पेठांतून येत असतो. रेघेच्या आतले राहावयाचे व बाहेरचे रस्त्यात जावयाचे, एवढाच तिचा अर्थ. अशी रेघ उमटली की संध्याकाळी मंडळाच्या कचेरीत पहिला प्रश्न निघतो तो भरपाईचा : चौरस फुटास काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. परंतु तो दुसरा प्रश्न होय असे आम्हांस वाटते. रस्ता रुंद झाल्यावर व इमारती नव्या झाल्यावर, जिच्या आधारावर आपली पेढी चालते ती पेठ शिल्लक राहणार की नाही, हा पहिला प्रश्न. याचा विचार करण्यासाठी आम्ही या लेखात इंदूर शहरासंबंधीच्या एका जुन्या अहवालाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अहवाल १९१८ सालचा आहे, पण त्यातील विषय शिळा झालेला नाही.

इंदूरकडे वळण्यापूर्वी मुंबईची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण त्या काळी सुधारणेचा नमुना म्हणून सर्वांच्या डोळ्यांपुढे मुंबईच होती. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. दाट वस्तीत वारा व उजेड खेळत नाही म्हणून रोग फैलावतो, असे निदान होऊन १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा आतल्या वस्तीपर्यंत पोहोचावी म्हणून दाट मोहल्ले कापून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांची बिऱ्हाडे उठली ती माणसे दूर गेली नाहीत, कारण त्यांचे पोट त्याच पेठांवर होते. ती शेजारच्या गल्लीत शिरली आणि ती गल्ली पूर्वीपेक्षा दाट झाली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर ज्याचे दुकान नव्या रस्त्याच्या तोंडावर आले त्याचे दैव उघडले, आणि ज्याचे रस्त्याखाली गेले त्याची विचारपूस कोणी ठेवली नाही. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महानगरपालिकेत विलीन झाला.

या पद्धतीस ज्याने उघडपणे विरोध केला तो पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा गृहस्थ. त्याचा जन्म १८५४ चा. मूळ शिक्षण जीवशास्त्राचे. यामुळेच शहर हे तो यंत्रासारखे न पाहता जिवंत शरीरासारखे पाही. एडिंबरोच्या जुन्या, पडझड झालेल्या भागात १८८६ च्या सुमारास तो पत्नीसह स्वतः राहावयास गेला आणि एकेक घर साफसूफ व दुरुस्त करीत त्याने तो भाग सावरावयास घेतला. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला. त्याचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने वाटेतच बुडविले; परंतु मित्रांकडून नवे नकाशे व चित्रे मागवून त्याने मद्रासेत प्रदर्शन भरविलेच. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. बडोदे शहराविषयीही त्याचा अहवाल आहे.

गेडिसच्या पद्धतीस पुढे ‘जपणुकीची शस्त्रक्रिया’ असे नाव पडले. गल्लीगल्लीतून पायी हिंडावयाचे, प्रत्येक घर पाहावयाचे, जे खरोखरच पडीक असेल तेवढेच काढावयाचे, त्या जागी लहानसे चौक मोकळे करावयाचे, झाड लावावयाचे, विहीर स्वच्छ करावयाची आणि बाकी वस्ती जागच्या जागी ठेवावयाची. तंजावर हे आपल्या भोसले राजघराण्याचे गाव. तेथील किल्ल्याच्या भागातील वस्तीसाठी नगरपालिकेच्या इंजिनिअरने सरळ रस्त्यांचा जो आराखडा केला होता त्यास ३०,००० रुपये लागणार होते. गेडिसने तेच काम आपल्या पद्धतीने ५,००० रुपयांत होईल असे दाखविले. सहावा हिस्सा! व्यापारी मनुष्यास हा आकडा पुरेसा बोलका आहे. पैसा वाचतो तो अर्थात पाडापाडी व भरपाई कमी झाल्यामुळे. परंतु त्यासाठी इंजिनिअरने मेजावरून उठून उन्हात हिंडले पाहिजे, आणि अडचण बहुधा येथेच येत असावी.

आता इंदूर. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे आली. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वे इंदुरास यावी म्हणून १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. रेल्वेमागून कापूस, कापसामागून गिरण्या, गिरण्यांमागून कापडाची घाऊक पेठ, असा या शहराचा भाग्योदय झाला. त्यात सर सेठ हुकुमचंदजींसारख्या आपल्या समाजातील धनिकांचा वाटा किती मोठा होता हे इतवारिया बाजारातील काचमंदिर पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु भरभराटीबरोबर गर्दी आली, नद्यांचे काठ घाण झाले आणि प्लेगने वरचेवर ठाण मांडले. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळी गेडिसला पाचारण झाले, आणि त्याने सादर केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नदीकाठी बागा, जुन्या पेठांतील गल्ल्यांची किरकोळ पण नेमकी मोकळीक, गिरणी कामगारांसाठी वसाहती, एवढेच नव्हे तर एका विद्यापीठाची कल्पनाही त्यात आहे.

अहवालापेक्षाही एका दिवाळीची हकीकत अधिक बोधप्रद आहे. गेडिस नकाशे घेऊन गल्ल्यांतून हिंडू लागला तेव्हा लोक त्यास भिऊन असत. हाच तो साहेब, हा आला की प्लेग येतो व घरे पाडली जातात, असे बोट दाखवून बोलत. लोकांचा तो समज अडाणीपणाचा म्हणून आपण हसू नये. मुंबईत काय झाले ते त्यांच्या कानांवर असणारच. तेव्हा गेडिसने दरबारापाशी एक विलक्षण मागणी केली : दिवाळीच्या सुमारास मला एक दिवसापुरते महाराज करा. ती मान्य झाली. मग त्याने जाहीर केले की, या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या ठराविक मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील अधिकांत अधिक घरे दुरुस्त व साफ झालेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. घराघरांतील केरकचरा विनामूल्य वाहून नेण्याची व्यवस्था केली जाईल.

परिणाम असा झाला की आळीआळीत चढाओढ लागली. लोकांनी आपापली घरे स्वतःच्या खर्चाने दुरुस्त केली, रंगविली. सुमारे ६,००० गाड्या कचरा शहराबाहेर गेला. उंदीर पकडण्यात आले. मिरवणुकीत उंट, हत्ती व पिकांचे देखावे तर होतेच; त्यांच्यामागून घाणीचा राक्षस, प्लेगचा प्रचंड उंदीर व हिवतापाचे डास यांच्या प्रतिमा निघाल्या. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार शुभ्र वस्त्रे नेसून, गळ्यात हार घालून, नवे झाडू खांद्यावर घेऊन चालत होते. शेवटी लक्ष्मीच्या जोडीला एक नवी देवता आली : इंदूर नगरी, आणि तिच्याबरोबर निशाणावर रंगविलेला शहराचा नकाशा. घरोघर तुळशीची रोपे वाटण्यात आली, आणि रात्री राक्षसाचे दहन झाले. त्यानंतर साथ ओसरली. ऋतुमानाचाही त्यात हात असेल, पण पूर्वी ज्याला भीत होते तो साहेब आता लोकांना आपला वाटू लागला.

या हकीकतीतील व्यवहार पाहावा. दरबाराने खर्च केला तो गाड्यांचा व मिरवणुकीचा. घरांचा व दुकानांचा खर्च मालकांनी आनंदाने केला, कारण मान व दिवाळीचे गिऱ्हाईक दोन्ही आपल्या दारावरून जाणार की शेजारच्या आळीतून, हे त्यांच्या स्वतःच्या हातात ठेवले होते. कोणासही आधी उठविले नाही. दुकानदार आपल्या गादीवर बसूनच सुधारणेचा भागीदार झाला. सुधारणेमुळे धंदा वाढल्याची उदाहरणे आम्हांस जेथे जेथे दिसली तेथे ही एक गोष्ट होती. आणि जेथे धंदा बसला तेथे बहुधा ती नव्हती.

याचे कारण पेठेच्या घडणीत आहे. सराफ्याचेच उदाहरण घेऊ. रस्त्यावरून पाहणाऱ्यास दिसतात त्या फक्त पेढ्या. परंतु त्यांच्या माडीवर व मागच्या बोळात सोने गाळणारे, कस पाहणारे, नक्षीकाम करणारे, खडे बसविणारे, चकाकी देणारे, मोती ओवणारे, दागिने गाठविणारे पटवेकरी असे कितीतरी कारागीर बसलेले असतात. सकाळी आलेले काम चार हातांतून फिरून संध्याकाळी पेढीवर परत येते, तेही बहुतेक चिठ्ठीवर व ओळखीवर. शेजारीच दहा प्रतिस्पर्धी बसले आहेत म्हणूनच लांबच्या खेड्यातील कुटुंब लग्नाची खरेदी करावयास या गल्लीत येते; एकट्या दुकानाकडे ते येत नाही. नव्या इमारतीत पेढ्यांना काचेचे गाळे मिळाले आणि कारागिरांना शहराबाहेर सहा मैलांवर जागा मिळाली, तर कागदावर सर्वांचे पुनर्वसन झालेले असते, पण ती पेठ मोडलेली असते.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशा करणाऱ्याच्या ध्यानात येण्याचा संभव फार थोडा. आपल्यापैकी पुष्कळांचे घर दुकानावर किंवा दुकानापासून हाकेच्या अंतरावर असते ते काही कंजूषपणामुळे नव्हे. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे, सकाळी मंदिरात दर्शन करून पेढीवर यावयाचे, चातुर्मासात प्रवचनास पायी जावयाचे, तर घर, मंदिर व दुकान या तिन्ही जागा एकमेकींजवळ असाव्या लागतात. घर उपनगरात व दुकान पेठेत झाले म्हणजे हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, पेढी कोणाच्या तरी हाती सोपवून निघावे लागते, नाहीतर नेम मोडावा लागतो. सुनावणीच्या वेळी ही अडचण बोलून दाखविण्यास आपले बांधव संकोच करतात. का करावा?

आता पेढीच्या हिशेबाकडे वळू. समजा, एखाद्याचे दुकान १२ फूट दर्शनी व २५ फूट खोल, म्हणजे ३०० चौरस फुटांचे आहे. रुंदीकरणात पुढचे ५ फूट गेले तर ६० चौरस फूट, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. भरपाई मोजणारा पाचव्या हिश्शाचीच मोजतो. परंतु मागचे ५ फूट म्हणजे गाठोडी ठेवण्याची कोठडी आणि पुढचे ५ फूट म्हणजे मांडणी, बैठक व गिऱ्हाइकाची पहिली नजर. दोहोंची किंमत धंद्याच्या भाषेत एक नाही. शिवाय खोदकाम सहा महिने चालले व त्या सहा महिन्यांत दिवाळी किंवा लग्नसराई आली, तर कापडवाल्याचा वर्षाचा निम्म्याहून अधिक व्यवहार त्याच खड्ड्यात जातो. तिसरा तोटा तर कोठेच मांडला जात नाही, तो उधारीचा. दुकान दोन वर्षांसाठी दुसरीकडे हलविले म्हणजे नवे गिऱ्हाईक सावकाश येते, पण जुने देणेकरी झटकन दिसेनासे होतात. हलविण्याची तारीख कळताच उधारी आवरती घ्यावी, हा साधा सल्ला आम्ही येथेच देऊन ठेवतो.

मात्र जुने ते सारे जपावे असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. मुंबईतील भेंडी बाजारची हकीकत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली स्थापन झालेल्या न्यासाने तेथील सुमारे साडेसोळा एकर वस्ती, जवळजवळ २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे व १,२५० दुकाने एकत्र घेऊन पुनर्विकास हाती घेतला. तात्पुरत्या जागा देणे, भाडेकऱ्यास मालकीची जागा देणे, त्याच वस्तीत परत आणणे, या गोष्टी त्यात आरंभापासून होत्या. तरीही एवढ्या मंडळींची संमती व हलवाहलव यांत वर्षे गेली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी तेथील हुसैनी नावाची इमारत कोसळली आणि ३३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीतील पुष्कळ कुटुंबे आधीच हलविण्यात आली होती. काही राहिली होती. शंभर वर्षांचे लाकूड कुजले म्हणजे त्यावर शस्त्रक्रिया चालत नाही, तेथे घर रिकामे करणे हाच उपाय. भरपाईचा आकडा वाढावा म्हणून मोडकळीस आलेल्या माडीवर कारागिरांना बसवून ठेवणे हा व्यापार नव्हे, हेही आपल्या सभांतून स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

सुधारणेचा विचार करताना गिऱ्हाईक कोण, हेही विसरून चालत नाही. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा निकाल लागून पैसे हाती पडावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. पगाराच्या दिवसावर ज्यांची उलाढाल बेतलेली, अशा आजूबाजूच्या वाण्या-शिंप्यांना या बत्तीस वर्षांत नवा रस्ता काय कामाचा?

त्याच इंदुरात अलीकडची दोन चित्रे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. एक छप्पन दुकानचे. खाद्यपदार्थांच्या छप्पन दुकानांची ही ओळ २०२० साली नव्याने बांधून काढण्यात आली, आणि काम ५६ दिवसांत करून दाखविले. दुकानांपुढे वाहनांस मज्जाव झाला, बसण्याची सोय झाली, दर्शनी बाजू एकसारख्या झाल्या. दुकाने मात्र त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांसह राहिली. गाडी थेट दुकानाशी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही व्यापाऱ्यांची फार जुनी भीती. पायी हिंडणारे गिऱ्हाईक अधिक वेळ रेंगाळते व चार ठिकाणी खरेदी करते, हे येथे दिसून आले. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिलेल्या या शहराचा अभिमान वाटतो, आणि गेडिसच्या त्या ६,००० गाड्या आठवल्यावाचून राहत नाहीत.

दुसरे चित्र सराफ्याचे. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर खाद्यपदार्थांची दुकाने, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. एकाच ओट्यावर दोन धंदे चालतात आणि रात्री उशिरापर्यंत माणसांचा राबता असल्यामुळे पेढ्यांस आपोआप राखण मिळते. परंतु अलीकडे दुकानांची संख्या वाढली, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या आल्या, आणि आगीच्या भयाने सराफ व खाद्यविक्रेते यांच्यात वाद उत्पन्न झाला. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले तर दोन्हींत तथ्य आहे. सराफाचे भय खोटे नाही. आणि रात्रीचा बाजार उठला तर रिकाम्या गल्लीची किंमत सराफासच द्यावी लागेल, हेही खोटे नाही. गेडिस असता तर त्याने प्रथम कोणते ओटे जुने व कोणते नवे, आगीचा बंब कोठपर्यंत जातो, हे पायी हिंडून मोजले असते. रस्त्यावरील विक्रेत्यांसंबंधी २०१४ सालचा कायदा आहे व त्याप्रमाणे नेमावयाच्या नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. समितीत व्यापारी मंडळांसही स्थान मिळू शकते. ते घ्यावे, रुसून बाहेर बसू नये.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर आणखी दोन बाबी. भूसंपादनाच्या २०१३ सालच्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या शब्दात केवळ मालक येत नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागी भाडेकरू किंवा कारागीर म्हणून असलेले व ज्यांची मुख्य उपजीविका त्यावर आहे, अशी कुटुंबेही येतात. म्हणून पागडीने बसलेल्या बांधवांनी भाड्याच्या पावत्या, वीजबिले व दुकानाची नोंदणी जपून ठेवावी. तोंडी वहिवाटीला कचेरीत वजन नसते. दुसरे असे की, पालिका पुष्कळदा रोख रकमेऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊ करते. तो मालकाच्या कामाचा आहे. भाडेकरू दुकानदाराच्या हाती त्यातून काही पडत नाही, आणि एकाच मंडळात मालक व भाडेकरू असे दोन्ही सभासद असल्यामुळे ठराव करताना हा भेद बोलला जात नाही. तो बोलला जावा, म्हणून आम्ही लिहून ठेवीत आहोत.

रेघ भिंतीवर उमटण्यापूर्वी मंडळास एक काम करता येईल. दोन तरुण सभासद, एक मोजण्याची फीत व एक कोरी वही एवढे पुरे. पेठेच्या एका टोकापासून निघावे. प्रत्येक दुकानापुढे दर्शनी फूट, खोली, मालक की भाडेकरू, किती वर्षांची बैठक, माडीवर कोण राहतो, मागे कोणता कारागीर बसतो, माल कोणत्या शेजाऱ्याकडून येतो व कोणाकडे जातो, लाकूड कुजले आहे काय, पाणी कोठे तुंबते, हे लिहावे. वर्षातील कोणते महिने धंद्याचे, हेही विचारावे, म्हणजे खोदाई केव्हा नको ते नेमके सांगता येईल. उलाढालीचे आकडे कोणी देणार नाही, आणि ते मागूही नयेत. शंभर दुकानांच्या पेठेस तीन-चार रविवार लागतील. वही पुरी झाली म्हणजे तिच्या दोन प्रती कराव्या. एक मंडळात ठेवावी आणि दुसरी, कोणी मागण्याची वाट न पाहता, नगररचनेच्या कचेरीत देऊन तिची पोच घ्यावी.